शिल्लक

डबे पाच यायचे होते, चार आले.
पेसी बिलिमोरियांनी झाकण काढून नाक आत घातलं.
"आंबट वास येते. फिलम मरायला लागली.
पण आजची रात काढेल."

परळच्या व्यायामशाळेत
मल्लखांबापासून डबलबारपर्यंत चादर ताणलेली.
कोपऱ्यातल्या मारुतीसमोर कुणीतरी पडदा सरकवला,
त्याला कशाला दाखवायचं हे असलं.
आम्ही सोसायटीचे आठ चष्मेवाले,
बाकी सगळी आवारातली माणसं,
तिकीट नाही म्हणून आलेली, पोरं काखेत घेऊन.

मूकपट. पाट्या जर्मन.
माझं जर्मन दुसऱ्या पायरीवरचं, तरी भोंगा माझ्याच हातात:
पाटी आली की मराठीत ओरडायचं.

बर्फ. लाकडी घंटाघर.
गोठलेली जमीन आतून फुगते, भाकरीसारखी,
आणि एक हात वर येतो.
पाटीवर एकच शब्द.

मी अडले.
भूत म्हणावं, तर त्याचे पाय उलटे असतात; हे सरळ चालत होते.
मुंजा नाही, हडळ नाही, वेताळाला पालखी लागते.
यांना काहीच नव्हतं. कोट होते, मातीने भरलेले.
"मेलेत," मी भोंग्यात म्हटलं, "पण..."
आणि पुढं नुसतीच यंत्राची खरखर.

मागून धाकू तांबे बोलले.
केईएमच्या शवागारात रात्रपाळी, ड्यूटीवर जायच्या आधी टेकलेले,
मांडीवर डबा.
"शिल्लक म्हण, पोरी.
ज्यांना न्यायला कुणी येत नाही
त्यांना आम्ही आपसांत तेच म्हणतो."

मग मी तेच म्हणत गेले.
शिल्लक उठले.
शिल्लक रस्त्यानं येतात.
शिल्लक आपापलं घर ओळखतात.
पोरं हसायची थांबली.
एकदा फक्त तांबे पुटपुटले, "हात असा नाय उचलत.
खांद्यातून धरलेला असतो."

चौथं रीळ संपलं तेव्हा
प्रत्येक दारासमोर एकेक जण उभा होता,
मूठ वर, ठोठावायच्या बेतात.
मग पांढरं.
टपटप टपटप फिरणारं शेपूट.

पेसींनी सांगितलं, पाचवा डबा आलाच नाही.
कुणी उठलं नाही.
एका बाईनं विचारलं, "मग ते गेले का परत?"
मला पाटीशिवाय बोलता येत नव्हतं.

तांबे उठले, डबा बाकावर ठेवला.
चादरीच्या गाठी सोडल्या,
जमिनीला लागू दिली नाही.
आधी पायाकडची बाजू आत,
मग डोक्याकडची,
मग दोन्ही कडा, तळव्यानं सपाट करत,
घाई अजिबात नाही.
घडी पेसींच्या हातात दिली आणि म्हणाले,
"झालं. जा आता घरी."
आणि गेले सगळे.

त्याला झाली चव्वेचाळीस वर्षं.
परवा भाच्यानं पाठवला, कुठल्याशा तळघरात सापडलेला पाचवा डबा,
धुऊनपुसून, पियानोसकट.
फोनवर पाहिला, कुकरच्या शिट्ट्या मोजत.
कोंबडा आरवतो. ते विरघळतात, मिठासारखे.
दार एकही उघडत नाही.
मग लग्न लागतं कुणाचं तरी.
अकरा मिनिटं.

इतकंच होतं तर.
चादरीचा शेवट जास्त चांगला होता,
हे कुणाला सांगावं, तर पेसी नाहीत,
व्यायामशाळेच्या जागी गाड्या ठेवायचे सात मजले आहेत.

आणि तांबे.
ते कधी गेले, मी विचारलं नाही.
त्या रात्रीनंतर दोनदा दिसले होते, नाक्यावर, डबा घेऊन;
मी मान हलवली, त्यांनी हलवली.
घरी कोण होतं त्यांच्या, गाव कुठलं,
शेवटी न्यायला

आज कुकर गार झाल्यावरसुद्धा
मी झाकण धरून उभी आहे.